पुण्यात स्वतः उभं राहून घर बांधताना: आधी सावली, मग पाणी, सोलर सगळ्यात शेवटी

प्लॉट नावावर झाल्यावर मी पहिली वस्तू आणली ती बांबू. सहा फुटांचा. खडकवासल्याच्या पुढच्या आमच्या पाच गुंठ्यांच्या मधोमध तो रोवला आणि दर रविवारी सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी पाचला त्याच्या सावलीच्या टोकाशी चुन्याचा ठिपका द्यायला लागलो. शेजारच्या शेतातले आजोबा बांधावर बसून बघायचे. तिसऱ्या रविवारी त्यांना राहवेना. "काय हो, देऊळ बांधताय का?"

आता घर बघायला येणारे विचारतात, सोलर किती किलोवॅटचं, विटा कुठल्या, फुटाला काय पडलं. बांबूबद्दल कोणी विचारत नाही. आमच्याकडे एसी नाही आणि मे महिन्यात दुपारी झोप लागते, हे त्या चुन्याच्या ठिपक्यांमुळे. सोलर आलं ते घर बांधून दीड वर्षानं.

हे लिहितोय ते ठेकेदाराला मालासकट काम न देता, आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमून, माल स्वतः आणून, लेबर रेटनं गवंडी लावून घर बांधू पाहणाऱ्यांसाठी. आर्किटेक्टचे पैसे वाचवायचा विचार आधीच सोडून द्या. नकाशा मंजूर करून घ्यायला परवानाधारक माणूस लागतोच, आणि सळईचा हिशेब यूट्यूबवर शिकायची गोष्ट नाही.

कागद

थोडक्यात उरकतो, पण टाळू नका. सातबारा, फेरफार, मोजणीची 'क' प्रत आणि झोन दाखला हातात आल्याशिवाय इसार देऊ नये. शेतजमीन असेल तर शेतकरी नसलेल्याला ती सहजी घेता येत नाही, आणि "गुंठ्यावर मिळतोय, सगळे घेतात" अशा प्लॉटला पुढे बांधकाम परवानगी मिळताना तोंडाला फेस येतो. मंजूर ले-आउटमधला बिगरशेती प्लॉट महाग वाटला तरी शेवटी स्वस्त पडतो. टेकडीलगत असाल तर डोंगरउतार आणि बीडीपीचं (जैवविविधता उद्यानाचं) आरक्षण तपासा. नदी-ओढ्याजवळ असाल तर निळी आणि लाल पूररेषा बघा. ओढा लहान दिसतो म्हणून फसू नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीच्या पुरात आंबिल ओढ्यानं काय केलं ते कात्रज ते दांडेकर पूल पट्ट्यातल्या कोणालाही विचारा.

हद्द कोणाची तेही आधी कळलं पाहिजे: पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड की पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). नियमावली आता बहुतेक ठिकाणी एकच आहे, २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली. तिच्यातली बाजूची मार्जिन्स पहिल्याच दिवशी कागदावर आखून घ्या. चारी बाजूंनी सोडावी लागणारी ही जागा म्हणजेच तुमच्या झाडांची, शोषखड्ड्याची आणि टाकीची जागा. शक्य असेल तर घर थोडं पूर्वेकडे सरकवून पश्चिमेला जास्त जागा ठेवा. का, ते पुढे येतंय.

प्लॉट वाचणं

पुणं साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. याचा अर्थ उन्हाळ्यात सूर्य अक्षरशः डोक्यावर येतो, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी बांबूची सावली त्याच्या बुडातच गडप होते. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरच्या शेवटी मात्र तो दुपारीही क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो, दक्षिणेला. आपली दुपार बाराला होत नाही, साडेबाराच्या आसपास होते, म्हणून ठिपका साडेबाराचा.

ठिपके जोडलेत की तीन गोष्टी दिसतात. उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन छतावर पडतं. दक्षिणेची भिंत उन्हाळ्यात जवळजवळ निवांत असते आणि थंडीत ऊन खाते. आणि पश्चिम, बारा महिने, तुमची शत्रू आहे. जूनमध्ये सूर्य मावळतो तो सरळ पश्चिमेला नाही, तिथून जवळपास २५ अंश उत्तरेकडे, म्हणजे वायव्येची खोलीसुद्धा संध्याकाळी भाजते.

खरी पंचाईत अशी की पुण्यात उन्हाळ्याच्या संध्याकाळचा वाराही पश्चिमेकडूनच येतो. ऊन नको आणि वारा हवा, दोन्ही एकाच भिंतीतून. याचं उत्तर नकाशात शोधावं लागतं.

त्याच महिन्यांत जमिनीतही डोकवा. जेसीबीनं दोन-तीन ठिकाणी पाच-सहा फुटांचे खड्डे घेतलेत की काळी माती कुठवर, मुरूम कुठून, खडक कुठे हे कळतं. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पाया ठेवला की भिंतींना तिरक्या चिरा ठरलेल्या. मुरमात किंवा खडकात जावंच लागतं. आमच्या एका कोपऱ्यात मुरूम अडीच फुटांवर लागला आणि समोरच्या कोपऱ्यात साडेपाचवर. खड्डे घेतले नसते तर पायाचं अंदाजपत्रक पहिल्याच आठवड्यात कोलमडलं असतं.

पाऊसही तुमच्या प्लॉटचा विचारा, पुण्याचा नको. शहरात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो, मुळशी-लोणावळ्याकडे सरकाल तसा कित्येक पटींनी वाढतो आणि शिरूर-दौंडकडे पाचशेच्या आसपास येतो. पिरंगुटच्या घराला उतरतं छप्पर आणि लांब पागोळ्या शोभतात. लोणीकाळभोरला सपाट गच्ची चालते.

नकाशा: खोल्या कमी, भिंती योग्य जागी

पहिला आकडा ठरवा तो क्षेत्रफळाचा. आम्ही २२०० फुटांपासून सुरुवात केली होती. पाहुण्यांची खोली, पूजेची वेगळी खोली, होम थिएटर. मग बायकोनं एका संध्याकाळी वहीत लिहिलं की गेल्या वर्षात पाहुणे मुक्कामाला किती रात्री आले. अकरा. घर १४०० फुटांवर आलं: तळमजला ११०० आणि वर एक खोली. न बांधलेल्या आठशे फुटांचं सिमेंट, सळई, फरशी, रंग आणि पुढची तीस वर्षं झाडू, सगळं वाचलं. पुढच्या कुठल्याही हिरव्या उपायानं एवढी बचत केली नाही.

मग पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कोठीची खोली अशी माणसं कमी वेळ बसतात ती ठिकाणं लावा. ती ऊन झेलतात, आतल्या खोल्या वाचतात. बैठकीची खोली पूर्व किंवा उत्तर अंगाला.

इथे वास्तुशास्त्र आडवं येतं. घरातल्या मोठ्या माणसांना मालकाची झोपायची खोली नैर्ऋत्येला हवी असते, आणि पुण्याच्या हवेत घरातला सगळ्यात तापणारा कोपरा नेमका तोच. आईशी वाद घालून हरल्यावर मी तडजोड केली, आणि ती आता मला मूळ योजनेपेक्षा आवडते. खोली नैर्ऋत्येलाच ठेवली. तिच्या पश्चिम भिंतीला दोन फूट खोल कपाट बांधलं, कपडे आणि गोधड्यांनी भरलेलं. खिडकी दक्षिणेला. पश्चिमेला फक्त वर, साडेसहा फुटांवर, जाळीची दीड फुटी झडप. संध्याकाळी सातनंतर ती उघडली की वारा येतो, आणि उन्हाला आत यायला जागाच नाही.

छज्जाचा हिशेब स्वतः करा. आर्किटेक्ट करतीलच, पण तुम्हाला कळला तर साइटवर कोणी तो कापणार नाही. दक्षिणेची चार फूट उंच खिडकी आणि तिच्या माथ्याशी दीड फूट पुढे आलेला छज्जा घ्या. मार्चअखेरीला दुपारचा सूर्य ७५ अंशांवर असतो, छज्जाची सावली साडेपाच फूट खाली उतरते, खिडकी पूर्ण झाकली. डिसेंबरमध्ये तीच सावली पावणेदोन फूटच उतरते आणि उरलेल्या सव्वादोन फुटांतून ऊन आत, शहाबादीवर, मांजर झोपते तिथे. आता पश्चिमेला हेच करून बघा. मेमध्ये संध्याकाळी पाचला सूर्य २७ अंशांवर असतो. दोन फुटांचा छज्जा जेमतेम फूटभर सावली देतो. म्हणजे पश्चिमेला छज्जा पावसासाठी, उन्हासाठी त्याचा उपयोग नाही. तिथे उभे पडदे लागतात: जाळी, बांबूची चिक, आणि झाड.

झाडाची निवड करताना माझी एक चूक होता होता राहिली. मला पश्चिमेला बहावा हवा होता. नर्सरीतल्या माळीबुवांनी विचारलं, "सावलीला पायजे का बघायला?" बहावा एप्रिल-मेमध्ये फुलतो तेव्हा त्याच्यावर पानं नावालाच असतात. सावली हवी तेव्हा झाड उघडं. कडुलिंबाला पाडव्यापर्यंत नवी पालवी आलेली असते, करंजही एप्रिलमध्ये हिरवागार असतो. पश्चिमेला करंज लावला, तो वाढेपर्यंतची दोन वर्षं शेवग्यानं काढली. बहावा पूर्वेला आहे, बघायला.

प्रत्येक खोलीला समोरासमोर किंवा निदान लगतच्या दोन भिंतींना खिडक्या द्या, आणि प्रत्येक खिडकीला डासांची जाळी सुरुवातीपासून हिशेबात धरा. पावसाळ्यानंतर डेंगीच्या भीतीनं पुणेकर खिडक्या बंद करतो आणि वायुवीजनाची सगळी कल्पकता वाया जाते. एप्रिलमध्ये आपल्याकडे दुपारी ३८ आणि पहाटे २१-२२ असा फरक असतो. रात्री खिडक्या उघडून भिंती थंड करायच्या, सकाळी नऊला बंद करून पडदे ओढायचे. आजी हेच करायची. फरक एवढाच की तिच्या वाड्याच्या भिंती दोन फुटी होत्या.

भिंती आणि भूकंप

वाड्यांवरून आठवलं. जाड दगडी भिंत म्हणजे मजबूत, हा समज ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात गाडला गेला. तिथल्या भिंती म्हणजे मातीत रचलेले गोल दगड, भिंतीच्या दोन थरांना बांधणारे आरपार दगड नाहीत, वर मातीच्या धाब्याचं ओझं. पुण्यापासून कोयना फार लांब नाही आणि तिथला १९६७ चा भूकंप फार जुना नाही. तेव्हा भिंत विटांची असो की काळ्या दगडाची, जोत्यावर, लिंटेलला (दारं-खिडक्यांच्या माथ्यावर) आणि छताखाली अशा तीन पातळ्यांवर घराला सलग वेढणारा काँक्रीटचा पट्टा, आणि कोपऱ्यांत उभी सळई, यात काटकसर नको. हे सगळं इंजिनिअरच्या ड्रॉइंगवर असायला हवं, गवंड्याच्या भरवशावर सोडू नका.

साहित्यात मला कुठल्याही एका वस्तूचा भक्त व्हावंसं वाटलं नाही. जागेवरच्या मातीच्या दाबलेल्या विटा करायचं स्वप्न बरणीच्या चाचणीत संपलं: बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून रात्रभर ठेवायची. सकाळी वाळू, गाळ, चिकणमाती असे थर दिसतात. आमच्या बरणीत चिकणमातीच जास्त. फुगणारी काळी माती या कामाची नाही. तुमच्याकडे तांबूस मुरमाड माती असेल तर जरूर विचार करा.

एएसी ब्लॉक (सच्छिद्र, हलक्या काँक्रीटचे ठोकळे) भाजक्या विटेपेक्षा उष्णता बऱ्याच कमी वाहू देतात आणि हलके असतात. मात्र काँक्रीटला भिडतात तिथे जाळी मारून प्लास्टर केलं नाही तर चिरा पडतात, आणि जड कपाट टांगायला वेगळे खिळे लागतात. आम्ही भाजकी वीट घेतली, पण रॅट-ट्रॅप पद्धतीनं. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी ही पद्धत आयुष्यभर वापरली. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी करायची, म्हणजे नऊ इंची भिंतीच्या पोटात पोकळी राहते. साधारण पाव विटा वाचतात, आणि अडकलेल्या हवेमुळे भिंत उशिरा तापते. पहिल्या दिवशी मिस्त्री म्हणाला, "साहेब, पोकळ भिंत? उंदीर राहतील." नावातच उंदीर आहे हे मी त्याला सांगितलं नाही. बागेच्या कडेला पाच फुटांची नमुना भिंत बांधून घेतली, त्यानं स्वतः घण घालून बघितला, आणि मग कामाला लागला. दोन अटी आहेत: विटांची मापं सारखी हवीत, आणि नळ-वायरिंग भिंतीत कुठून जाणार हे आधी ठरलेलं हवं. पोकळ भिंत नंतर फोडत बसता येत नाही.

दारं-खिडक्यांसाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आणि जुना बाजार पायी फिरा. पडलेल्या वाड्यांचं सागवान मिळतं. खिळे काढायची मजुरी धरूनही नव्यापेक्षा बरं पडलं. चौकटींची मापं मात्र आधी घ्या आणि भिंतीतली भोकं त्यांच्या मापानं सोडा. उलटं केलंत तर सुतार हसतो. फरशी शहाबादी किंवा कोटा. पायाला गार, फुटली तर एक बदलता येते.

छत

उन्हाचा सगळ्यात मोठा वाटा छतावर पडतो, म्हणून पैसे उरलेच तर ते इथे घाला. केंद्राच्या इको निवास संहितेत (२०१८) छतातून उष्णता आत येण्याची मर्यादा १.२ आहे, एकक वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन. एकक विसरलात तरी चालेल. नुसता पाच इंची स्लॅब या मर्यादेच्या दुपटीपेक्षा जास्त उष्णता आत सोडतो, एवढं लक्षात ठेवा. रात्री अकराला पंखा गरम हवा का फेकतो, त्याचं कारण हे.

फिलर स्लॅब हा पहिला उपाय. स्लॅबच्या खालच्या अर्ध्या भागातलं काँक्रीट ताण घेत नाही, तो सळई घेते. म्हणून सळयांच्या चौकोनांमध्ये मंगलोरी कौलं ठेवून तेवढं काँक्रीट वाचवायचं. कौलं ओतायच्या आधी पाण्यात भिजवा, नाहीतर ती काँक्रीटचं पाणी पितात. खालून कौलांची नक्षी दिसते, प्लास्टर लागत नाही. इंजिनिअरच्या सहीशिवाय हे करू नका, आणि न्हाणीघरावर तर नकोच.

स्लॅबवर पुणेरी रिवाज म्हणजे ब्रिकबॅट कोबा आणि वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक. रिवाज चांगला आहे. पांढरा रंग ऊन परतवतो, विटांचे तुकडे थोडं अडवतात. पण एवढ्यानं १.२ गाठता येत नाही. झोपायच्या खोल्यांवर मी कोब्याखाली उष्णता अडवणारे दोन इंची एक्सपीएस बोर्ड (कडक फोमचे) घातले. प्लास्टिकचीच वस्तू आहे, जीवावर आलं, पण पुढचा एसी टळला. हा खर्च नको असेल तर दरवर्षी होळीच्या सुमाराला गच्चीला चुन्याचे दोन हात मारा. पावसाळ्यात शेवाळ धरून तो काळवंडतो, म्हणून दरवर्षी.

कोबा झाल्यावर गच्चीत चार बोटं पाणी तुंबवून तीन-चार दिवस ठेवायचं आणि खालून स्लॅब बघायचा. ठेकेदार म्हणेल एक रात्र पुरे. नाही पुरत.

पाणी

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हजार फुटांची गच्ची ९३ चौरस मीटर. सातशे मिलिमीटर पाऊस. गळती, वाफ, पहिला घाण पाऊस यांचे वीस टक्के वजा. वर्षाला ५२ हजार लिटर. ऐकायला भरपूर वाटतं. आता माणशी १३५ लिटर या सरकारी मापानं चौघांचे रोजचे ५४० धरा: ५२ हजार लिटर ९६ दिवस पुरतील, आणि तेही साठवता आले तर. आमची जमिनीखालची टाकी १० बाय ७ बाय ५ फुटांची, म्हणजे दहा हजार लिटरची. उन्हाळा ती काढून देत नाही. अठरा दिवस काढून देते. टँकर उशिरा आला, मोटर जळली, अशा वेळी हे अठरा दिवस फार मोठे असतात.

उरलेलं पाणी जमिनीत. इथे पुण्याचा खडक समजून घ्या. आपल्याखाली बेसाल्ट आहे. पाणी राहतं ते त्याच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात. अभंग काळ्या खडकात खणलेला शोषखड्डा म्हणजे नुसता हौद: आठवडाभर भरलेला आणि डासांचा. खड्डे घेतलेत तेव्हा कुठे मुरूम भुसभुशीत लागला ते लिहून ठेवलं असेल तर शोषखड्डा तिथे. बोअर असेल तर गाळणीतून तिचं पुनर्भरण. जागेबद्दल शंका असेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं मुख्यालय आणि भूजलावर काम करणारी ॲक्वाडॅम ही संस्था, दोन्ही पुण्यातच आहेत.

जूनचे पहिले दोन-तीन पाऊस टाकीत घेऊ नका. गच्चीच्या पाइपला खाली एक वेगळी तोटी आणि झडप ठेवा. पहिल्या पावसाचं पाणी चहाच्या रंगाचं असतं, कबुतरांसकट.

वापरलेल्या पाण्याचं गणित जमिनीच्या उतारावर बसवा. अठराव्या शतकात कात्रजच्या तलावातलं पाणी शहरातल्या हौदांपर्यंत आलं ते पंपाशिवाय, उतारानं. आमचं अंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी तसंच, दहा बाय पाच फुटांच्या, अडीच फूट खोल खडीच्या वाफ्यातून जातं. वर कर्दळ. तिथून पुढे केळी. स्वयंपाकघराचं पाणी यात सोडू नका, तेलानं खडी तुंबते. त्याला आधी तेलाचा सापळा लागतो.

यासाठी शौचालयाचा पाइप आणि न्हाणीचा पाइप पहिल्यापासून वेगळे हवेत. मी नकाशावर लाल आणि निळ्या शाईनं दाखवले होते. मग तीन दिवस सांगलीला लग्नाला गेलो. परत आलो तर प्लंबरनं दोन्ही एकाच चेंबरला जोडून वर मुरूम भरून, ठोकून, पाणीसुद्धा मारलं होतं. "एकच तर आहे साहेब, घाण पाणीच ना." दीड दिवस उकरण्यात गेला. तेव्हापासून लग्नं बायको एकटी करते.

वीज

आता सोलर. पण त्याआधी पंखे: जुना पंखा ७५ वॅट खातो, नव्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी तीसच्या आसपास. एसी नसलेल्या आमच्या घराला महिन्याला दोनशे युनिटही लागत नाहीत. पुण्यात एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, पावसाळ्यात बराच कमी. म्हणजे दोन किलोवॅट पुरेत. विक्रेता पाच म्हणेल. पीएम सूर्य घर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार रुपये अनुदान, तिसऱ्याला १८ हजार आणि त्यापुढे काही नाही, अशी ७८ हजारांची कमाल मर्यादा आहे. महावितरणचं नेट मीटरिंग (जास्तीची वीज त्यांना देऊन बिलातून वळती करणं) घ्या, बॅटरीचा मोह टाळा.

पॅनल दक्षिणेला तोंड करून साधारण अठरा-वीस अंश कलते लावतात. आम्ही ते सात फूट उंच सांगाड्यावर, नेमके नैर्ऋत्येच्या झोपायच्या खोलीवर लावले. वीज मिळतेच, खालच्या स्लॅबवर ऊनच पडत नाही, आणि आईला पापड-कुरडया वाळवताना बसायला सावली झाली. बांधतानाच गच्चीवर सांगाड्याचे बोल्ट आणि खाली येणाऱ्या केबलची नळी सोडून ठेवा, म्हणजे नंतर कोबा फोडावा लागत नाही. सौर बंब घेणार असाल आणि बोअरचं पाणी जड असेल तर क्षार धरतील, हे विचारात घ्या. पुणे महापालिकेच्या हद्दीत सोलर, पाऊसपाणी, गांडूळखत यांवर मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत मिळते. अर्ज आपणच करावा लागतो.

साइटवर कधी उभं राहायचं

रोज जाता येत नाही, नोकरी असते. चार प्रसंगी मात्र रजा टाका.

आखणीच्या दिवशी. दोरीनं एका बाजूला १२ फूट, दुसऱ्या बाजूला १६, तिरकं माप २० आलंच पाहिजे. आमचं वीस फूट चार इंच आलं होतं. "चालतंय" हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

पायाची सळई बांधून झाली की, काँक्रीटच्या आधी. इंजिनिअरला घेऊन जा आणि सळईखाली कव्हर ब्लॉक (सळई तळापासून उचलून धरणारे छोटे ठोकळे) आहेत का बघा. विटांचे तुकडे नकोत.

स्लॅबच्या दिवशी. त्या दिवशी सगळं बिनसतं ते पाण्यानं. पन्नास किलोच्या गोणीला साधारण २५ लिटर पाणी, ओल्या क्रशसँडमध्ये (दगड भरडून केलेल्या वाळूत) असलेलं धरून. मजुरांना पातळ माल ओढायला सोपा, म्हणून "सोड रे अजून" चालू होतं. मी मिक्सरजवळ मापाची बादली घेऊन खुर्ची टाकून बसलो. चहा-वड्याची सोय केलीत तर तुमचा कोणी राग धरत नाही. मग पाणी मारणं: पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान दहा दिवस, उन्हाळ्यात चौदा. गच्चीवर वाळूचे छोटे बांध घालून तळी करा, पाणी कमी लागतं.

आणि प्लंबिंग-वायरिंग झाकण्याच्या आदल्या दिवशी. प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढा. चार वर्षांनी खिळा ठोकताना हे फोटो सोन्याचे वाटतात.

पैसे टप्प्यानं द्या, कामाच्या मागे राहून. टप्पा म्हणजे काय ते लिहून ठेवा: जोतं, लिंटेल, स्लॅब, प्लास्टर. मालाची वही रोज संध्याकाळी लिहा: किती गोण्या आल्या, किती वापरल्या, किती ब्रास खडी. खडीची गाडी उतरायच्या आधी टेपनं मोजा, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले शंभर. ड्रायव्हरला राग येतो. येऊ द्या.

जोत्याच्या तपासणीशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर शेवटी भोगवटा प्रमाणपत्र अडतं.

वेळापत्रक

दसरा-दिवाळीला पाया, कारण खड्ड्यात पाणी नसतं. थंडीत भिंती. फेब्रुवारीत स्लॅब, उन्हाळ्याच्या टँकरच्या आधी. मेअखेर बाहेरचं प्लास्टर, पश्चिमेला दोन थरांचं, कारण पाऊसही तिकडूनच झोडपतो. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तुटायची खाच विसरू नका. बोटभर खाच नसली की पाणी छज्जाखालून उलटं चालत खिडकीत येतं.

आतला रंग मात्र पहिल्या पावसाळ्यानंतर. आम्ही जून ते सप्टेंबर सिमेंटच्या करड्या भिंतींत राहिलो. जोराचा पाऊस लागला की रात्री टॉर्च आणि खडू घेऊन घरभर फिरायचं, ओल दिसेल तिथे तिची कड आखायची आणि बाजूला तारीख लिहायची. चार महिन्यांत सात खुणा जमल्या: पाच पश्चिमेच्या खिडक्यांभोवती, एक जिन्याच्या छताशी, आणि एक नैर्ऋत्येच्या त्या जाळीच्या झडपेखाली. दिवाळीआधी बाहेरून सातही भरून घेतल्या, आणि मग रंगाऱ्याला फोन केला.